अंत्यकाल आणि सुभक्ती (ख्रिस्ती धर्ममत)

जगाच्या इतिहासाला जसा आरंभ आहे तसाच शेवटही आहे, आणि तो शेवट आंधळ्या विनाशात नसून येशू ख्रिस्ताच्या पुनरागमनात, मृतांच्या पुनरुत्थानात, सर्व मनुष्यमात्राच्या न्यायात व नव्या आकाशाच्या आणि नव्या पृथ्वीच्या स्थापनेत आहे, ही ख्रिस्ती धर्माची मूलभूत श्रद्धा होय. या श्रद्धेला अनुसरून ईश्वराचे भय व प्रेम मनी बाळगून शुद्ध, नेमस्त आणि परोपकारी जीवन जगणे, याला मराठी ख्रिस्ती मंडळींत सुभक्ती म्हणतात. अंत्यकालाविषयीचे कुतूहल लोकांत फार, सुभक्तीविषयीचे त्या मानाने थोडे. वस्तुतः नव्या करारात ही दोन प्रकरणे एकमेकांपासून कोठेही सुटी केलेली नाहीत.

पेत्राच्या दुसऱ्या पत्रात सृष्टीची मूलतत्त्वे अग्नीने वितळून जाण्याचे वर्णन येते आणि त्याच ओघात, असे जर होणार आहे तर तुम्ही कशा प्रकारचे लोक असावे, हा प्रश्न वाचकापुढे ठेवला जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींचा आणि धन्याने चाकरांच्या स्वाधीन केलेल्या द्रव्याचा, हे दोन्ही दाखले विलंबाने येणाऱ्याविषयीचे (पहिल्यात वर, दुसऱ्यात धनी) आहेत, आणि दोहोंतही जाब विचारला जातो तो येण्याची वेळ ओळखली की नाही याचा नव्हे, तर मधल्या मुदतीत काय केले याचा. तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणासही ठाऊक नाही, असे ख्रिस्ताचे स्पष्ट सांगणे असल्यामुळे तारखांचे गणित मांडण्याचा अधिकार शास्त्रानेच नाकारलेला आहे. पौलाच्या काळी थेस्सलनीका येथील काही जणांनी प्रभूचा दिवस आलाच असे समजून कामधंदा सोडला व इतरांच्या घरच्या उठाठेवी आरंभिल्या, तेव्हा ज्याला काम करावयाचे नाही त्याने जेवूही नये, अशी सक्त ताकीद त्याने त्यांना दिली. स्वतः तो तंबू शिवून पोट भरीत असे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातील सहस्र वर्षांच्या राज्याविषयी मात्र मतभेद आहेत. ख्रिस्त त्या राज्याच्या आधी येईल असे एक पक्ष मानतो, नंतर येईल असे दुसरा. आणि ऑगस्टीन याने पाचव्या शतकात प्रतिपादिलेले, ते राज्य म्हणजे चर्चचा प्रचलित कालच होय, हे मत रोमन कॅथलिक व अनेक जुन्या प्रॉटेस्टंट पंथांनी थोड्याफार फरकाने स्वीकारले. मरण, न्याय, स्वर्ग व नरक यांच्या जोडीला कॅथलिक धर्मशिक्षणात मरणोत्तर शुद्धिस्थानाची कल्पना आहे. २ नोव्हेंबर रोजी मृतांसाठी करावयाची प्रार्थना तिच्यावर आधारलेली आहे. तारखांचे गणित तरीही मांडले गेले. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांच्या गणिताप्रमाणे २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्त येणार होता. तो दिवस नेहमीसारखाच मावळला आणि सहस्रावधी लोकांची घोर निराशा झाली. त्या चळवळीच्या अवशेषांतून सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ उदयास आला व त्याने तारीख सांगणे सोडून देऊन शनिवारचा शब्बाथ, मिताहार, आरोग्य आणि शिक्षण यांवर भर दिला, ही गोष्ट त्या पंथाच्या विवेकाची द्योतक मानली पाहिजे. महाराष्ट्रात त्याचे स्पायसर महाविद्यालय (आताचे विद्यापीठ) १९४२ पासून पुण्यास असून हातकणंगले तालुक्यातील आळते येथे त्याची शाळा आहे.

 आळते ज्या कोल्हापूर भागात आहे तेथे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मताचा प्रवेश १८५२ मध्ये झाला, जेव्हा रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरचा अनुभव गाठीशी घेऊन कोल्हापुरास आले. पुढे १८७० मध्ये हे मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे वर्ग झाले. अंत्यकालविचाराच्या जागतिक इतिहासाशी कोल्हापूरचा संबंध याच कुटुंबामुळे जडला, आणि तो जितका माहीत असावयास हवा तितका नाही. स्वदेशी परतल्यावर वाइल्डर यांनी १८७८ मध्ये सुरू केलेले मिशनविषयक नियतकालिक त्यांच्या मृत्यूनंतर आर्थर पिअरसन यांच्याकडे आले, आणि पिअरसन हे सहस्र वर्षांच्या राज्याआधीच ख्रिस्त येणार असे मानणाऱ्यांपैकी एक अग्रणी होते. वाइल्डर यांचे पुत्र रॉबर्ट, ज्यांचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला, ते १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे विद्यार्थी स्वयंसेवकांच्या चळवळीचे एक प्रवर्तक ठरले; याच पिढीत जगाला शुभवर्तमान सांगून पुरे करावयाचे, हा त्या चळवळीचा संकल्प होता. काळ थोडा उरला आहे या जाणिवेने त्या तरुणांना हातावर हात ठेवून बसविले नाही, उलट समुद्रापार कामास लावले.

मराठी प्रदेशातील इतर उदाहरणेही याच बाजूची साक्ष देतात. केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये जे आध्यात्मिक संजीवन झाले त्यात पश्चात्ताप, रात्ररात्र प्रार्थना आणि प्रभूच्या आगमनाची उत्कंठा यांना विलक्षण तीव्रता आली होती; तरीही त्याच आवारात अनाथ स्त्रिया विणकाम, शेती व छपाई शिकत होत्या, आणि सदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई स्वतः मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या, जे ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या त्यांच्या देहावसानाच्या सुमारास पूर्ण झाले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापिला तोही ईश्वरी राज्याची केवळ वाट न पाहता त्याची रीत या भूमीवर चालू करावी म्हणून. अंत्याची आशा जेथे खरी होती तेथे ती अशीच श्रमात उतरलेली दिसते. जेथे ती भीतीचा व्यापार झाली तेथे तिच्यामागे वितंडवाद आणि निराशा यांखेरीज काही उरले नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

अंत्यन्यायाची कल्पना समजण्यास जवळचाच एक दाखला आहे. हातकणंगले तालुक्यातच, पुणे-बंगळूर महामार्गालगत, पंचगंगेच्या पुलापलीकडे शिरोलीची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे आणि तेथील धंदा मुख्यतः ओतकामाचा. भट्टीत सुमारे चौदाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओतला जातो, आणि कास्टिंग थंड होऊन बाहेर आले म्हणजे वरून निर्दोष दिसते. आत हवेचा फुगा राहून गेला असेल तर तो मशिनिंगच्या वेळी, वरचा थर उतरल्यावर, उघडा पडतो. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील न्यायाची कल्पना या कामगारांना सहज समजण्यासारखी आहे: प्रत्येकाचे काम कसे आहे ते तो दिवस उघड करील, अग्नी त्याची परीक्षा करील, ज्याचे काम जळेल त्याचे नुकसान होईल, परंतु तो स्वतः तारला जाईल. या शेवटच्या वाक्यातील करुणा न्यायदिनाचे नुसते भयंकर चित्र रंगविणारे प्रवचनकार बहुधा वगळतात, आणि त्यांनी ती वगळू नये.

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले व वाहतूक काही दिवस बंद राहिली. अशा आपत्ती ही शेवटची चिन्हे नव्हेत काय, असा प्रश्न श्रद्धावंताच्या मनात उठणे स्वाभाविक आहे. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायाचे उत्तर संयमाचे आहे: युद्धे, दुष्काळ, भूकंप होतील, पण घाबरू नका, हा वेदनांचा आरंभ आहे, एवढ्यात शेवट नाही. पुढल्याच अध्यायात न्यायासनापुढील हिशेब कशाचा होईल तेही सांगितले आहे. भुकेल्याला अन्न दिले काय, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र. आजाऱ्याची व बंदिवानाची विचारपूस केली काय. पूरग्रस्ताला दार उघडणे हे त्या अर्थाने अंत्यकालाची तयारी करणेच होय, आणि दार ठोठावणाऱ्याचा धर्म तेथे विचारात घेतलेला नाही.

ज्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेस १८९४ मध्ये रुग्णालय उघडले, आणि ज्यांच्या नावाने सांगली-मिरज रस्त्यावरील वॉनलेसवाडी आजही ओळखली जाते, त्यांच्या कार्याचा आधार मत्तयाचा हाच पंचविसावा अध्याय होता असे मानल्यास ते वावगे ठरणार नाही. ज्या वाचकाला या विषयाचा स्वतः अभ्यास करावयाचा असेल त्याने प्रकटीकरणाच्या गूढ अंकांपासून आरंभ न करता मत्तयाचा चोविसावा व पंचविसावा अध्याय आणि थेस्सलनीकाकरांस लिहिलेली दोन्ही पत्रे आधी सलग वाचावीत.