शेवटची बोट

गेल्या महिन्यात माझ्या नातीला जर्मनीतल्या विद्यापीठाचं पत्र आलं. वर्ग सुरू होण्याआधी दोन आठवडे 'ओरिएंटेशन' आहे. शहर दाखवणार, बँकेत खातं कसं उघडायचं ते समजावणार, सोबतीला एक जुना विद्यार्थी देणार. आणि एका संध्याकाळी प्रत्येकाने आपल्याकडचा पदार्थ करून आणायचा. ती मला वाचून दाखवत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे १९६६ सालचं मालवण बंदर उभं राहिलं.

त्या वर्षी माझा थोरला भाऊ कॉलेजसाठी मुंबईला निघाला. कॉलेज उघडणार जूनच्या विसाच्या सुमारास. हा मात्र मेमध्येच निघाला. पावसाळ्यात आगबोटी बंद असत, म्हणून शिकायला जाणाऱ्या पोरांना पावसाआधीची बोट गाठावी लागे. बोट खोल पाण्यात उभी राही. माणसं आणि सामान पडावातून तिच्यापर्यंत न्यायचं. भावाच्या ट्रंकेत आईने कुळथाचं पीठ, सोलं आणि उकडे तांदूळ भरले होते. त्याआधी चार दिवस तिने त्याला चुलीपुढे बसवून पिठी करायला शिकवली. लसूण-मिरचीची फोडणी, त्यावर पाणी, दोन सोलं. पीठ आधी गार पाण्यात कालवून मग सोडायचं, नाहीतर गुठळ्या होतात. पहिले तीन दिवस गुठळ्या झाल्या. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "आता जा."

निघायच्या दिवशी रामेश्वराच्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यां लेकरू शिकूक मुंबयक चल्लां आसा, तेका वाट गावांदे, मायेचां माणूस गावांदे!" आणि आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

मायेचं माणूस लालबागच्या चाळीत होतं. गाववाल्यांनी मिळून घेतलेली एक खोली. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपण्याच्याही पाळ्या. कॉलेज उघडेपर्यंतच्या चार आठवड्यांत त्या खोलीने भावाला मुंबई शिकवली. नळाला पाणी किती वाजता येतं, लोकलच्या कुठल्या डब्यात चढायचं, घरी मनीऑर्डर कशी करायची. साच्यावर काम करणारा एक काका अर्धी पाळी बुडवून त्याला कॉलेजच्या दारापर्यंत सोडून आला. शनिवारी रात्री खोलीत भजन. परळच्या दामोदर नाट्यगृहात दशावतार लागला की सगळी खोली तिकडे. भावाला तिथे कधीच परकं वाटलं नाही, असं तो शेवटपर्यंत सांगायचा.

ही वाट त्याच्याही आधीची. संस्कृतचे थोर पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणातच जन्मले. १८४७ मध्ये वडिलांची रत्नागिरीला बदली झाली म्हणून त्यांना इंग्रजी शाळा मिळाली. १८५३ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गेले. १८८६ मध्ये हाच मालवणचा मुलगा व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेत जाऊन बसला. समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त मागणारा तो काळ.

त्याच १८८६ साली कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तीन वर्षांपूर्वी त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा धक्क्यावर थिओडोशिया कार्पेंटर नावाची बाई उभी होती. दोघींची ओळख फक्त पत्रांतली. तिने आनंदीबाईंना रोझेलला आपल्या घरी नेलं. आनंदीबाई तिला मावशी मानत. आनंदीबाई १८८७ मध्ये पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांची रक्षा या मावशीकडे गेली आणि तिने ती पोकीप्सीला आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. परमुलखातल्या पोरीला आपलं म्हणणं ते हे.

सरकारनेही पुढे सोय केली. १९१० पासून लंडनमध्ये २१, क्रॉमवेल रोड इथे हिंदी विद्यार्थ्यांसाठी घर होतं. पण तिथे आपल्यावर पाळत आहे, असा संशय विद्यार्थ्यांना असे. १९३२ मध्ये लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ निघालं. ते आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी काढलेलं होतं. छप्पर दोन्हीकडे मिळालं असतं. ओलावा फक्त आपलेपणातून येतो.

नात सप्टेंबरात जाईल. सध्या ती माझ्या स्वयंपाकघरात पिठी शिकते आहे. काल गुठळ्या झाल्या. गाऱ्हाणंही घालणार आहोत.

पण मला सांगायचं आहे ते आपल्याच जिल्ह्याविषयी. ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि मुळद्याच्या उद्यानविद्या महाविद्यालयात आज लांबलांबच्या जिल्ह्यांतली मुलं शिकायला येतात. त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळं, आणि इथला पाऊस त्यांच्या ओळखीचा नाही. आपल्या पोरांना शंभर-दीडशे वर्षं दुसऱ्यांनी सांभाळलं आहे. या चतुर्थीला त्यांतल्या एकाला तरी घरी बोलवा, आरतीला झांज हातात द्या, आणि केळीच्या पानावर जेवू घाला.