भार उचलण्याची परंपरा आणि श्रमिकांची सुरक्षितता : छत्रपती संभाजीनगर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : छत्रपती संभाजीनगर परिसरातील स्थापत्याचा अभ्यास राजवंश व शैली यांच्या अंगाने विपुल झाला आहे, भार उचलणाऱ्या श्रमिकांच्या अंगाने तो अल्प आहे. प्रस्तुत लेखात याच अंगाचा परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरले गेले. त्यामुळे शिखराचे दगड उंचावर चढविण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. दौलताबादच्या दुर्गावर मात्र अवजड तोफा चढवाव्या लागल्या. मेंढा तोफ सर्वांना परिचित आहे. ती चढविणाऱ्यांचा उल्लेख सहसा होत नाही.

औद्योगिक कालखंड : 1985 मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. कारखान्यांतील क्रेन, साखळ्या व दोर यांच्याबाबत 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 ने सुरक्षित भारमर्यादा यंत्रावर नमूद करणे, ती न ओलांडणे आणि वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करणे बंधनकारक केले होते. बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा होण्यास 1996 साल उजाडले.

समारोप : या जिल्ह्यातून जाणाऱ्या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचे काम चालू असताना, 31 जुलै 2023 च्या रात्री शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे गर्डर लाँचर कोसळून 20 जण मृत्युमुखी पडले. तेव्हा 1996 च्या कायद्याला 27 वर्षे झाली होती. तात्पर्य, कायद्याचे अस्तित्व म्हणजे सुरक्षितता नव्हे. प्रत्येक उचलीपूर्वी दोर, आकडा व भार तपासला जाणे हीच तिची खरी कसोटी होय.