प्रभादेवी स्थानक

पश्चिम रेल्वेवरील हे स्थानक जुलै २०१८ पर्यंत 'एल्फिन्स्टन रोड' म्हणून ओळखले जाई. लॉर्ड एल्फिन्स्टन हे १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. येथे धिम्या लोकल थांबतात. मध्य रेल्वेचे परळ स्थानक पादचारी पुलांनी जोडलेले असल्याने केईएम व टाटा रुग्णालयांत येणाऱ्यांनाही ते सोयीचे पडते.

गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, गर्दी वाढली. पुलाचा जिना मात्र अरुंदच राहिला. रुंद पुलाची मागणी जुनीच होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसामुळे खोळंबलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन २३ जणांनी प्राण गमावले. वर्षानुवर्षे रखडलेले काम मग लष्कराने काही महिन्यांत उरकले. नवा पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला.