निनावी रथाची ओळख

इंग्लंडच्या ग्रामीण भागात एखादे जुने शेत विकले जाते, वारसदार दूरच्या शहरातून येतात आणि गवताच्या कोठाराचे कुजलेले दार पुष्कळ वर्षांनी उघडते. आत मोडके नांगर, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, रंगाचे रिकामे डबे, आणि अगदी मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली काहीतरी चारचाकी. ताडपत्री बाजूस सारली की दिसते ती एक बुटकी, बिनछपराची, दोघांपुरती मोटार. टायर बसलेले, आसनात उंदरांनी घर केलेले, एक दिवा नाहीसा झालेला. तिच्या नाकावर कोणत्याही कारखान्याचे नाव नसते. नामांकित कारखान्याची मोटार असती तर तिचा क्रमांक पाहून जुन्या दप्तरातून तिची जन्मकथा काढता आली असती. ही मात्र कोणाच्या तरी घरामागच्या पडवीत जन्मलेली असते आणि तिच्या जन्माची नोंद बहुधा कोणी ठेवलेली नसते.

अशा मोटारींना त्या देशात ‘स्पेशल’ किंवा ‘किट-कार’ म्हणतात. किट-कार म्हणजे सुटे भाग विकत घेऊन, किंवा जुन्या मोटारीचे भाग वापरून, हौशी माणसाने स्वतः जोडलेली मोटार. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये या प्रकाराला मोठा बहर आला, आणि त्याला हौसेइतकीच टंचाई कारण होती. युद्धाने देश कर्जबाजारी झाला होता. पोलादाचा पुरवठा निर्यातीशी बांधलेला असल्याने नव्या मोटारी आधी परदेशी जात आणि घरच्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यातच १९४० साली आलेला खरेदी-कर होता. १९५५ च्या अखेरीस मोटारींवर त्याचा दर ६० टक्क्यांवर गेला. हा कर तयार मोटारीवर होता, सुट्या भागांतून घरी जोडलेल्या मोटारीवर नव्हता. कायद्याने ठेवलेल्या या फटीतून एक नवा धंदाच उभा राहिला.

या धंद्याला कच्चा माल पुरवला तो ‘ऑस्टिन सेव्हन’ या चिमुकल्या मोटारीने. हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९२२ साली ती बाजारात आणली आणि १९३९ पर्यंत तिच्या सुमारे २ लाख ९० हजार प्रती निघाल्या. मध्यमवर्गीयाला मोटार मिळाली ती हिच्यामुळे. युद्धानंतर या मोटारींची शरीरे गंजली, लाकूड कुजले, पण खालचा सांगाडा आणि ७४७ घनसेंटिमीटरचे इंजिन अजून कामाचे होते. १९६० साली दहा वर्षांहून जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली तेव्हा तर अशी शेकडो धुडे मातीमोल किमतीत मिळू लागली. याच सुमारास काचतंतू आणि कृत्रिम राळ यांपासून मोटारीचे कवच घडविण्याची विद्या छोट्या कारखान्यांच्या हाती आली होती. अॅशले, फाल्कन, रॉचडेल अशा नावांची कवचे टपालाने मागवता येत. जुन्या मोटारीचे शरीर उतरवावे, सांगाड्यावर नवे कवच बसवावे, आणि रविवारी दुपारी शेजाऱ्यांच्या देखत रस्त्यावर उतरावे, असा तो काळ होता. पुढे स्वस्त व चपळ तयार मोटारी आल्या, १९६२ च्या नोव्हेंबरात कर २५ टक्क्यांवर उतरला, आणि १ एप्रिल १९७३ रोजी मूल्यवर्धित कराने जुन्या खरेदी-कराची जागा घेतली तेव्हा ती फटही बुजली. हौस फिटलेल्या किंवा अर्ध्यावर सोडलेल्या कितीतरी मोटारी कोठारांत जाऊन पडल्या.

आता अशा एका मोटारीला नाव द्यायचे तर कोणते? ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन विचारतात: महाराज, आपण रथातून आलात, मग रथ म्हणजे दांडा काय? आस काय? चाके काय? जू काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि अखेर कबूल करतो की, या साऱ्यांच्या जुळणीला दिलेले नाव म्हणजे रथ. कोठारातल्या त्या मोटारीपुढे उभ्या राहणाऱ्या संशोधकाला नागसेनाचा हाच प्रश्न अगदी व्यावहारिक रूपात भेटतो. सांगाडा एका सालचा, इंजिन दुसऱ्या सालचे, कवच तिसऱ्याच कारखान्याचे; मग ही मोटार कोणती आणि किती वर्षांची?

उत्तराची सुरुवात जमिनीवर आडवे पडून होते. ऑस्टिन सेव्हनचा सांगाडा वरून पाहता इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा, पुढे निमुळता आणि मागे रुंद असतो. पुढे एकच आडवी कमान असते, तर मागच्या दोन आखूड कमानी सांगाड्याच्या टोकांतून शेपटासारख्या बाहेर येतात. पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर ६ फूट ३ इंच भरले, तर सांगाडा १९३१ पूर्वीचा; ६ फूट ९ इंच भरले, तर त्यानंतरचा. गिअरपेटीत तीन गती असतील तर ती सामान्यतः १९३२ च्या आधीची. इंजिनाचा दंड दोनाऐवजी तीन आधारांवर फिरत असेल तर इंजिन १९३६ किंवा नंतरचे. अंतर ७ फूट ६ इंच निघाले आणि मागची कमानही आडवीच दिसली, तर सांगाडा ऑस्टिनचा नसून बहुधा फोर्डचा असतो. एवढे मोजमाप साध्या फीतपट्टीने होते, आणि त्यावरून पुष्कळसा इतिहास हाती येतो.

कवचाची ओळख याहून अवघड. एका कारखान्याच्या कवचावरून दुसरा साचा काढून घेत असे, म्हणून केवळ आकारावर विसंबता येत नाही. काचतंतूचे थर आतून कसे लावले आहेत, दाराच्या कडा कोठे दुमडल्या आहेत, आत लाकडी पट्ट्या कोठे बसवल्या आहेत, हे जुन्या जाहिरातींशी आणि टिकून राहिलेल्या इतर मोटारींशी ताडून पाहावे लागते. त्यापुढे येतो कागद. ब्रिटनमध्ये १९०४ पासून मोटारींची नोंदणी परगण्यांच्या कचेऱ्यांत होत असे. क्रमांकातली अक्षरे पाहिली की नोंदणीचे गाव कळते. ‘ओ एक्स’ म्हणजे बर्मिंगहॅम. सत्तरीच्या दशकात हे काम स्वान्सी येथील मध्यवर्ती कार्यालयाकडे गेले. १९८३ च्या नोव्हेंबरअखेरपर्यंत ज्यांनी आपल्या मोटारीची नवी नोंद करून घेतली नाही, त्यांचे जुने क्रमांक दप्तरातून गळाले. कोठारातल्या मोटारी नेमक्या यांतल्याच. पुढे पुरावा दाखवून जुना क्रमांक परत मिळवण्याची सोय झाली. पण पुरावा म्हणजे जुनी नोंदवही, कराची चकती किंवा एखादे पिवळे पडलेले छायाचित्र. आसनाखालच्या कचऱ्यात सापडलेल्या कागदाच्या कपट्याला म्हणूनच इंजिनापेक्षा अधिक मोल येते.

नागसेनाच्या प्रश्नाला सरकारनेही एक उत्तर शोधले होते. मोठे फेरफार झालेल्या मोटारींसाठी स्वान्सीच्या कार्यालयाने दीर्घकाळ गुणांची पद्धत वापरली. मूळ, अबाधित सांगाड्याला ५ गुण. कमानी, आस, गतिपेटी आणि सुकाणू यांना प्रत्येकी २. इंजिनाला अवघा १. मूळ सांगाड्यासह ८ गुण भरले तर मोटारीची जुनी ओळख कायम. मोटारीचा जीव इंजिनात आहे असे सामान्य माणसाला वाटते. दप्तराच्या मते तो सांगाड्यात आहे.

ओळख पटेपर्यंत मोटार वाचवायची कशी, याचा नियम एका वाक्यात सांगता येईल: आधी वाचा, मग पुसा. जागेवरून हलवण्यापूर्वी चहूबाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, भोवतालचा कचराही चाळून पाहावा. कवच धरून मोटार ओढू नये, कारण ते चारदोन बोल्टांवर टेकलेले असू शकते. सांगाड्याखाली आधार देऊन उचलावी. अडकलेले इंजिन बळाने फिरवू नये. सिलिंडरांत पातळ तेल सोडून काही आठवडे धीर धरावा. काचतंतू गंजत नाही, पण त्याच्या आडोशाला पोलाद निवांत गंजत असते. उत्साहाच्या भरात पाण्याचा फवारा मारला तर मूळ रंग, खडूने लिहिलेले आकडे आणि घरगुती जोडकामाच्या खुणा एका दुपारी वाहून जातात.

खरा पेच यानंतरचा. अस्सल ऑस्टिन सेव्हनला मागणी असते. म्हणून कवच फेकून द्यावे आणि सांगाड्यावर पुन्हा कारखान्याच्या नमुन्याचे शरीर चढवावे, असा मोह होतो. कित्येक घरगुती मोटारी अशा रीतीने नाहीशा झाल्या. त्यातून मिळते ती हजारो मोटारींसारखी आणखी एक मोटार; आणि जाते ती अशी वस्तू, जिच्यासारखी दुसरी कधी नव्हतीच.

या नुकसानीची जात कळण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. १९४८ साली लंडन विद्यापीठात स्थापत्यशास्त्र शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणाने एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवलेल्या प्लायवुडचे शरीर बसवले. मदतीला हेझल विल्यम्स होती, जी पुढे त्याची पत्नी झाली. मोटारीचा क्रमांक होता ओ एक्स ९२९२. १९५० साली ती उत्तर इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकाला विकली गेली आणि त्यानंतर कोणाच्याही दृष्टीस पडली नाही. चॅपमनने १९५२ साली लोटस कंपनी काढली. तिच्या मोटारीतून जिम क्लार्क १९६३ साली जगज्जेता झाला. २०१८ साली, सत्तर वर्षांनी, त्या कंपनीने आपल्या पहिल्या मोटारीसाठी जगभर हाक दिली: कोठारे पाहा, पडव्या पाहा.

ज्याच्या हाती ती १९५० साली गेली, त्याच्या दृष्टीने ती कोणा विद्यार्थ्याने ठोकून जोडलेली एक निनावी मोटार होती. ती मोडीत गेली असेल, तर तिचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातून गेली असेल. म्हणून आजही कोठाराचे दार उघडणाऱ्याने ताडपत्री सावकाश उचलावी. तिच्याखाली बहुधा चॅपमनची मोटार नसेल. कोणा लोहाराची, शिक्षकाची, गिरणीतल्या कामगाराची असेल. पण त्यानेही टंचाईच्या दिवसांत, रात्री जागून, हाताशी होते तेवढ्यातून आपला रथ जुळवला होता. त्या जुळणीत त्याचे हात अजून दिसत असतात. ते पुसले न जातील एवढी काळजी वाचवणाऱ्याने घ्यायची असते.