डेव्हनपोर्ट

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्यात, टेमार नदीच्या हॅमोझ या खाडीवर वसलेले आरमारी ठाणे व प्लिमथ शहराचा पश्चिम भाग. प्लिमथ, स्टोनहाउस व डेव्हनपोर्ट ही गावे १९१४ मध्ये एकत्र आली, तेव्हापासून डेव्हनपोर्टची वेगळी नगरपालिका नाही. प्लिमथची लोकसंख्या २,५६,३८४ (२०११). गोदीचे क्षेत्र ६५० एकरांहून अधिक. त्यात १५ सुक्या गोद्या व २५ धक्के.

तिसऱ्या विल्यमच्या काळात १६९१ मध्ये येथे गोदीचे काम सुरू झाले. आराखडा एडमंड डमरचा. लाकडी अस्तराच्या जुन्या गोद्यांऐवजी त्याने पायऱ्यापायऱ्यांची दगडी सुकी गोदी बांधली. त्यामुळे जहाजाला टेकू देणे सोपे झाले व कामगारांना तळापर्यंत उतरता येऊ लागले. गावाला प्रारंभी ‘प्लिमथ डॉक’ म्हणत. हल्लीचे नाव १८२४ चे, व त्याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ अजून आहे. वाफेच्या जहाजांसाठी उत्तरेस कीअम येथे वेगळी गोदी झाली. खाडीचा चिखल हटवून १८९६ ते १९०७ या काळात तिचा मोठा विस्तार करण्यात आला. ९ क्रमांकाची गोदी याच विस्तारातली. डार्विनचे ‘बीगल’ १८३१ च्या डिसेंबरात येथूनच निघाले. मुंबईच्या गोदीत १८२१ मध्ये बांधलेली सागवानी युद्धनौका ‘गँजीस’ अखेरीस १९३० मध्ये प्लिमथलाच मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या बाँबहल्ल्यांत, गावाचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला.

अणुपाणबुड्यांच्या दुरुस्तीसाठी १४ व १५ क्रमांकाच्या गोद्यांचे संकुल १९८० मध्ये सुरू झाले. ट्रायडेंट क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या व्हॅन्गार्ड वर्गाच्या पाणबुड्या मात्र सुमारे १५० मी. लांब व पाण्याखाली जवळजवळ १६,००० टनांच्या. त्यांची सोय आधी स्कॉटलंडमधील रोसाइथ येथे व्हायची होती. तिथे नव्या गोदीचा खड्डाही खणून झाला होता. तरीही जून १९९३ मध्ये संरक्षणमंत्री माल्कम रिफकिंड यांनी हे काम डेव्हनपोर्टला दिले. येथे तयार असलेली ९ क्रमांकाची गोदी सुधारून घेणे स्वस्त पडेल, असा हिशेब होता. हा हिशेब जागेपुरता बरोबर होता. दगडाचा पैसा १९०७ पर्यंतच्या विस्तारातच चुकता झाला होता. पण अणुइंधन बदलताना ही गोदी भूकंपात टिकेल, हे सिद्ध करण्याचा खर्च त्यात पुरेसा धरलेला नव्हता.

इंधन बदलायचे म्हणजे पाणबुडी कोरडी करून तिच्या पाठीला भोक पाडायचे आणि अत्यंत किरणोत्सारी कांड्या वर काढायच्या. अणुभट्टी बंद असली तरी तिची उष्णता चालूच राहते, म्हणून किनाऱ्यावरून थंड पाण्याचा पुरवठा अखंड ठेवावा लागतो. अशा वेळी गोदीचे तरंगते दार फुटून पाणी आत घुसणे, टेकू निसटणे किंवा यारीवरचा बोजा खाली पडणे, यांपैकी काहीही चालणार नाही. म्हणून दहा हजार वर्षांत एकदा होऊ शकणारा भूकंप हे माप धरण्यात आले. पाणबुडीवर रुळांवरून सरकत येणारे, अणुभट्टीच्या बरोबर वर थांबणारे एक बंदिस्त घर तयार केले गेले. काम उघड्या आभाळाखाली न होता त्याच्या आत होते. किनाऱ्यावरच्या उंच यारीने कांड्या उचलण्यापेक्षा ही पद्धत सुरक्षित, पण महाग.

गोदी चालवणाऱ्या कंपनीनेच मार्च १९९७ मध्ये ती सरकारकडून विकत घेतली आणि त्याच सुमारास बांधकामाचा करारही केला. मंजूर खर्च सुमारे ६५ कोटी पौंड होता. आराखडे पुरते तयार नसतानाच काम सुरू झाले. अणुनियंत्रकाला काय पटेल आणि काय नाही, याचा अंदाज दोन्ही पक्षांना वेळेत आला नाही. एकदा ओतलेल्या काँक्रीटमध्ये सुरक्षिततेची अट मागाहून बसवणे म्हणजे ते फोडणेच. जोखीम कंपनीवर ढकलल्याचे कागदावर दिसत होते, पण तिची ऐपत मर्यादित, आणि पाणबुड्या तर सरकारला हव्याच होत्या. शेवटी वाढीव बोजा बहुतांशी सरकारवर आला. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००२ मधील अहवालानुसार खर्च सुमारे ९३.३ कोटी पौंडांवर जाणार होता. मुदत मात्र पाळली गेली. ‘व्हॅन्गार्ड’ फेब्रुवारी २००२ मध्ये गोदीत शिरली. डिसेंबर २०१५ मध्ये ती दुसऱ्या खेपेस आली, व मे २०२३ मध्ये बाहेर पडली. स्कॉटलंडमधील डाउनरे येथील नमुना अणुभट्टीच्या पाण्यात २०१२ मध्ये किरणोत्सार आढळल्याने ‘व्हॅन्गार्ड’चे इंधन पुन्हा बदलण्याचे ठरले होते. मुळात ते ठरलेले नव्हते.

निवृत्त झालेल्या अणुपाणबुड्याही येथेच नांगरून ठेवलेल्या आहेत (१३, २०१९). गोदीच्या आसपासच्या घरांना आणीबाणीसाठी आयोडीनच्या गोळ्या आगाऊ वाटल्या जातात.

जहाजदुरुस्ती हा मुख्य व्यवसाय. गोदी २००७ पासून बॅबकॉक कंपनीकडे आहे.

गोदीच्या दक्षिण भागातील १७६३ ची आच्छादित जहाजबांधणीची उतरंड प्रेक्षणीय आहे. दक्षिण ध्रुवावर गेलेला रॉबर्ट फाल्कन स्कॉट येथे १८६८ मध्ये जन्मला.