चौकट राहिली तर : गोव्यातील शिंपल्यांच्या खिडक्या

काही उन्हाळ्यांपूर्वी सासष्टीतील एका जुन्या घराच्या मागच्या पडवीत खिडक्यांच्या झडपा भिंतीशी रचून ठेवलेल्या आम्ही पाहिल्या. प्रत्येक झडपेत सागवानी पट्ट्यांची चौकड्यांची जाळी होती आणि प्रत्येक चौकडीत काचेऐवजी शिंपल्याचा पातळ, दुधी तुकडा होता. दर्शनी भिंतीत तोवर अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसल्या होत्या. झडपा जळणासाठी जाणार होत्या. चौकटींचे लाकूड कोणी घेतो का, याची चौकशी सुरू होती.

घरमालकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पावसाळ्यात खालची पट्टी पाणी पिऊन कुजते, झडप फुगते आणि लागत नाही, डास आत येतात, भरदुपारी वाचायचे म्हटले तर दिवा लावावा लागतो. या सर्व तक्रारी खऱ्या आहेत. त्यातच गोव्याच्या वारसाहक्कात अपत्यांना समान वाटा मिळत असल्याने एका घराचे अनेक धनी होतात. त्यांतले कित्येक परदेशी असतात, आणि दुरुस्तीचा निर्णय कोणी घ्यायचा हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहतो. अशा घराला वर्षातून दोनदा निगा मागणारी खिडकी परवडत नाही. तरीही त्या पडवीत उभे असताना काहीतरी गैर घडते आहे असे आम्हांस वाटले. ते नेमके काय, हे समजून घेण्यासाठी या खिडकीच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता. येथील घरांना काचा नसून घासून गुळगुळीत केलेल्या शिंपल्यांची तावदाने आहेत, ती लाकडी चौकड्यांत बसवलेली असतात, अशी नोंद त्याने केली आहे. पुढे साठेक वर्षांनी डॉ. जॉन फ्रायर मुंबईत उतरला. पोर्तुगिजांकडून इंग्रजांच्या हाती नुकत्याच आलेल्या त्या बेटावरील जकातघर आणि वखारी यांच्या खिडक्यांतही त्याला चौकोनी कापलेले, चकाकी दिलेले शिंपलेच दिसले. त्याचा हा वृत्तान्त १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आज आपण ज्याला केवळ 'गोव्याची खासियत' म्हणतो, ती एके काळी मुंबईचीही सवय होती. मुंबईने ती इतकी पुसून टाकली, की तिची आठवण प्रवासवर्णनांतच शोधावी लागते.

हा शिंपला खाडीच्या चिखलात आडवा पडून राहणाऱ्या एका कालवाचा. शास्त्रीय नाव प्लॅकुना प्लॅसेंटा. त्याचे कवच जवळजवळ सपाट असते आणि कॅल्साइटच्या अत्यंत पातळ थरांनी बनलेले असते. त्यातून प्रकाश येतो, पण आरपार दिसत नाही. फिलिपाइन्समध्ये याच शिंपल्याला 'कापीझ' म्हणतात आणि तेथेही जुन्या घरांच्या खिडक्या त्याच्याच आहेत. किनाऱ्यावरच्या उन्हाची तिरीप तो मवाळ करतो. रस्त्यावरच्या नजरेला आत शिरू देत नाही आणि तरीही खोली अंधारी ठेवत नाही. गोव्यातील जुनी हिंदू घरे राजांगणाकडे, तुळशीकडे तोंड करून बसत. रस्त्याच्या बाजूला त्यांना मोठ्या खिडक्यांची गरज भासत नसे. पोर्तुगीज वळणाच्या घराने मात्र रस्त्याकडे तोंड केले, बल्कांव काढले, खिडक्यांची रांग मांडली. कोकणीत खिडकीला 'जनेल' हा पोर्तुगीज शब्द रुळला तो याच इतिहासातून. रस्त्याकडे उघडायचे, पण उघडे पडायचे नाही, या पेचाला शिंपल्याने उत्तर दिले.

या खिडकीची घडण आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. कवचाच्या कडा कापून तुकडे करायचे आणि ते पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक किंचित चढवून सरकवायचे. एक तुकडा फुटला तर तेवढाच बदलायचा. खालची पट्टी कुजली तर सुताराने तेवढाच भाग कापून नवे लाकूड सांधायचे. ही खिडकी तुकड्या-तुकड्याने दुरुस्त व्हावी म्हणूनच तशी बनवलेली होती. तिच्या जागी येणारी सरकती खिडकी अशी नसते. तिचे चाक किंवा रबर निकामी झाले आणि तो नमुना बाजारातून गेला, की सबंध खिडकीच बदलावी लागते. शिवाय ती बसवताना जांभ्याच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतीत भोवताली सिमेंट भरतात. मग भिंतीत मुरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही.

येथे कोणी विचारील, की बदल पूर्वी झालेच नाहीत काय? अवश्य झाले. काच स्वस्त झाली तशी ती अनेक घरांत शिंपल्याच्या जोडीला आली. कोठे वरच्या कमानीत रंगीत काच आणि खाली शिंपले, कोठे फुटलेल्या शिंपल्यांच्या चौकड्यांत साध्या काचेचे तुकडे. जुने गोवे ओस पडले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, तेव्हा जुन्या इमारतींचा दगड नव्या शहराच्या बांधकामाला लागला. काढलेली वस्तू पुन्हा लावणे ही येथली परंपराच आहे. जुन्याला हात लावूच नये, असा हट्ट आम्ही म्हणूनच धरीत नाही. पण पूर्वीचे बहुतेक बदल चौकटीच्या आत होत होते. तावदान बदले, चौकट राही, आणि कोणत्या पिढीने काय बदलले याची नोंद त्या लाकडावर आपोआप होत जाई. आज चौकटच निघते आणि तिच्याबरोबर ती नोंदही निघून जाते.

या काढण्याला आता आणखी एक अर्थ आला आहे. बेसुमार उपशामुळे या कालवाची संख्या घटली आणि २००१ मध्ये ही प्रजाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित सूचीत आली. झुवारीच्या मुखाजवळील चिखलीची खाडी हे तिचे एक परिचित वसतिस्थान. तेथून खिडकीसाठी शिंपले काढावेत असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. मग जुनी खिडकी दुरुस्त करायची कशी? दुसऱ्या जुन्या खिडकीतील शिंपल्यांनी, एवढाच सरळ मार्ग उरतो. म्हणजे पडवीत रचलेली प्रत्येक झडप ही शेजारच्या गावातील एखाद्या खिडकीची शिदोरी आहे. ती चुलीत घालणे म्हणजे दोन खिडक्या एकदम जाळणे होय.

उपाय फार अवघड नाहीत. कुजलेली पट्टी तेवढीच बदलावी. डासांसाठी आतून जाळीची वेगळी, हलकी झडप लावावी. शिंपले कमी पडले तर मोकळ्या चौकड्यांत दुधी काच घालावी. आपल्या पणज्यांनीही तेच केले होते. आणि काढायचेच ठरले, तर झडपा क्रमांक घालून कोरड्या जागी ठेवाव्यात.

त्या घरमालकांशी आम्ही हेच बोललो. दर्शनी खिडक्या काही परत बसल्या नाहीत. त्यासाठीचे पैसे खर्च होऊन गेले होते. मात्र झडपा जळणातून सुटल्या. पलीकडच्या वाड्यावर एक देवखोली दुरुस्त होत होती, तिच्या खिडकीत त्यांतले काही शिंपले गेले. त्या खोलीत आम्ही नंतर एकदा सकाळी गेलो. नव्या लाकडाचा सांधा जुन्या पट्टीवर स्पष्ट दिसत होता. सुताराने तो लपवला नव्हता, आणि ते योग्यच होते.