प्लेगचा इतिहास रँडपुरता नाही

१८९७ चा पुण्यातला प्लेग म्हटला की रँड, चापेकर आणि टिळक ही नावे पुढे येतात. सावित्रीमाई आल्याच तर एका ओळीत, 'रुग्णसेवा करताना निधन' एवढ्यावर. आमचा आक्षेप या मांडणीलाच आहे.

तेव्हाचा वैद्यकीय नियम साधा होता : रुग्ण लवकर ओळखा, त्याला वेगळे ठेवा, उपचार करा. नियमात वावगे काही नव्हते. प्रश्न होता तो रुग्णापर्यंत कोण आणि कसा नेणार हा. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. मार्चच्या मध्यापासून रँडच्या समितीने गोरे सैनिक घराघरांत घुसवले. भेदरलेल्या लोकांनी रुग्ण लपवले आणि नियमाचा हेतूच फसला.

पण विरोध केवळ जुलमाला होता का? इस्पितळात शेजारच्या खाटेवर कोण असेल, पाणी कोणाच्या हातचे मिळेल, ही सोवळ्याची भीतीही त्यात होती. त्यामुळेच धर्मवार वेगळी इस्पितळे निघाली. टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग इस्पितळ उभे राहिले. रोग जात पाहत नव्हता, समाज पाहत होता.

सैनिकांच्या झडत्या सुरू होण्याआधीच हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंतराव फुले यांचा दवाखाना चालू होता. रुग्ण वेगळा ठेवायचा हा नियम तिथेही होता, पण बंदुकीविना. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला सावित्रीमाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. मुलगा वाचला. माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. १९०५ मध्ये यशवंतरावांचाही प्लेगनेच मृत्यू झाला.

याला केवळ 'त्याग' म्हणून हात जोडणे पुरेसे नाही. शास्त्राने सांगितलेले उपाय महारवाड्यापर्यंत नेण्याचे ते काम होते. विश्वास असेल तर लोक रुग्ण लपवत नाहीत, हे सत्यशोधकांना ठाऊक होते.

आज क्षयरोगाचे पाहा. साध्या क्षयावर साधारण सहा महिने नियमित औषध घ्यावे, हे पुराव्याने सिद्ध आहे. पण पुण्यातल्या वस्तीतला बिगारी कामगार दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला की त्या दिवसाची मजुरी बुडते. आजार कळला तर काम जाईल, म्हणून तो लपवतो. सरकार पोषणासाठी महिन्याला १००० रुपये देते. एवढ्यात घर चालते का? मग औषध सुटले की फाईलवर शेरा पडतो : 'रुग्ण निष्काळजी'.

म्हणून साथींनो, नवी मार्गदर्शक तत्त्वे आली की तीन प्रश्न विचारा. ती वस्तीत कोण आणणार? मजुरी कोणाची बुडणार? आणि फसली तर दोष कोणाच्या माथी मारणार? १० मार्चला हार घालताना हे प्रश्नही सोबत असू द्या.

जय जोती! जय भीम!